मत वाया जाते का?

पहिल्यांदा मतदान करून आलो, तेव्हा कट्ट्यावर एका मित्राने विचारले, "पडणाऱ्याला मत देऊन काय मिळवलेस?" त्या वेळी मी गप्प बसलो. पुढे प्युर्टो रिकोच्या स्वातंत्र्य पक्षाचा इतिहास वाचला आणि उत्तर सापडल्यासारखे वाटले.

कॅरिबियन समुद्रातील हे बेट 1898 साली स्पेनकडून अमेरिकेकडे गेले. 1917 मध्ये तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. परंतु बेटावर राहणाऱ्याला अध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही. लुइस मुन्योस मारिन हे लोकप्रिय नेते एके काळी स्वातंत्र्यवादी होते. पुढे त्यांनी 'आधी भाकरी' ही भूमिका घेतली. तेव्हा 1946 साली गिल्बेर्तो कॉन्सेप्सियॉन द ग्रासिया यांनी सनदशीर मार्गाने लढणारा स्वातंत्र्य पक्ष स्थापन केला. 1952 च्या निवडणुकीत सुमारे 19 टक्के मते मिळवून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. 1960 मध्ये मात्र ती मते 3 टक्क्यांवर घसरली!

लोकांनी विचार नाकारला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कारखाने आले, रोजगार वाढला, पक्षातही फूट पडली, हे खरेच. भाकरी निवडणाऱ्या गरिबाला मी दोष देणार नाही. पण 1948 ते 1957 या काळात तेथे मुस्कटदाबीचा कायदा होता, आणि स्वातंत्र्यवाद्यांवर पोलीस गुप्तपणे टिपणे ठेवीत, हे 1987 साली उघड झाले. भीतीच्या छायेत मोजलेली मते हा लोकांचा निखळ कौल कसा मानावा?

पक्ष मात्र उरला. त्याचे नेते रुबेन बेरिओस 1999 मध्ये व्हिएकेस बेटावरील नौदलाच्या बॉम्बफेकीच्या मैदानात तळ ठोकून जवळजवळ वर्षभर बसले. इतर पक्षांचे आणि सामान्य लोकही त्या लढ्यात उतरले, आणि 2003 साली नौदलाला तेथून जावे लागले. 2024 मध्ये याच पक्षाचे हुआन दालमाऊ, दुसऱ्या एका पक्षाशी युती करून, गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत दुसरे आले. त्यांना मत देणारे सगळेच स्वातंत्र्यवादी होते असे नव्हे. पण जुन्या सत्ताधाऱ्यांना कंटाळलेल्या लोकांना पर्याय हवा होता, तेव्हा तो जिवंत होता.

तो जिवंत कोणी ठेवला? 3 टक्क्यांच्या दिवसांतही मत देणाऱ्यांनी! मित्रा, माझे उत्तर एवढेच आहे.