तीन रेघांचं बाम्बर्ग

ऑनसाइट आलेल्या मराठी माणसाला दोन आजार हमखास होतात. पहिला, प्रत्येक किमतीला युरोच्या भावाने गुणायचं. (हल्ली युरो शंभरीच्या घरात असल्यामुळे हा आजार गणितात कच्च्या लोकांनाही होतो.) दुसरा, वीकेंडला कुठेही जायचं तर आधी एक्सेल उघडायचं. माझ्या रूममेटला दोन्ही आहेत. गेल्या महिन्यात त्याने एक शीट पाठवलं. त्यात बाम्बर्गच्या नऊ ब्रुअऱ्या, प्रत्येकीचं स्टेशनपासूनचं अंतर, अर्ध्या लिटरचा अंदाजे भाव आणि शेवटी बेरीज.

"नऊ गुणिले चार, छत्तीस युरो. एका दिवसात सगळं शहर कव्हर!"

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे की ही बेरीज चुकीची नसली तरी प्लॅन चुकीचा आहे. का, ते सांगतो. पण आधी बाम्बर्गबद्दल.

न्यूरेंबर्गहून लोकल गाडीने तासाभरात येतं. जर्मनीचं ते महिन्याचं तिकीट, २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालेलं, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ पासून ६३ झालं, ते ऑफिसला जायला काढलेलं असतंच. म्हणजे प्रवास फुकट. (फुकट नाही, पण आपल्या मनाला फुकट.) वस्ती पाऊण लाखाच्या आसपास आणि ब्रुअऱ्या दहाच्या आसपास. जुनं शहर १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दुसऱ्या महायुद्धात फारसं न पडल्यामुळे गल्ल्या जुन्याच आहेत. मुख्य म्हणजे सगळं चालण्याच्या अंतरात. हाच उद्योग पुण्यात करायचा तर कोरेगाव पार्क ते बालेवाडी चालत जावं लागेल, आणि बिअरआधी फुटपाथच जीव घेईल.

स्टेशनातून सरळ निघालं की दहाएक मिनिटांत ओबेरे क्योनिगष्ट्रासं लागतो. इथे रस्त्याच्या एका बाजूला १५३६ चं श्पेत्सियाल आणि समोरच्या बाजूला १६४९ चं फेसला. आमच्या गावात समोरासमोर दोन पिठाच्या गिरण्या होत्या आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. इथलं माहीत नाही, पण लोक मात्र दोन्हीकडे जातात. आम्ही श्पेत्सियालमध्ये शिरलो कारण तिथे राउखबिअर मिळते. म्हणजे धुराची बिअर.

हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळाला सत्व देतात ना, तसंच बार्लीला मोड आणून वाळवतात, त्याचं माल्ट. पूर्वी वाळवायला खाली जाळच असायचा, त्यामुळे कमीअधिक धूर माल्टमध्ये उतरायचाच. पुढे धूर न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जगाने ही चव सोडून दिली. बाम्बर्गच्या या दोन घरांनी, श्पेत्सियाल आणि श्लेंकर्ला, ती धरून ठेवली. अजूनही बीचच्या लाकडावर स्वतःचं माल्ट स्वतः वाळवतात. युरोपियन लोक म्हणतात की वास धुरावलेल्या मांसाचा आहे. मला पहिल्या घोटात आठवला तो आजोळचा तांब्याचा बंब. दिवाळीतल्या अंघोळीच्या पाण्याला यायचा तोच वास. बंब आणि बाम्बर्ग, हा विनोद रूममेटला सांगितला, तो हसला नाही. असो.

आता मुद्द्याचं. अर्धा लिटर, पाच टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल. नऊ ग्लास म्हणजे १८०. यकृताला ढोबळमानाने एका ग्लासाला दोन-अडीच तास लागतात आणि ते ओव्हरटाइम करत नाही. आपण इंजिनियर लोक, सर्व्हरवर क्षमतेच्या तिप्पट लोड टाकला तर आरडाओरडा करू, आणि स्वतःवर टाकायचा तर त्याला 'कव्हर करणं' म्हणतो. शिवाय चौथ्या ग्लासानंतर चवीतला फरक कळणार कुणाला? मग छत्तीसपैकी वीस युरो नाल्यात. स्वस्तात करायचं म्हणजे कमी पैशात जास्त पिणं नव्हे, कमी पिऊन दिवस पुरवणं. तीन ग्लास, सात तास, मध्ये चालणं. एवढंच माझं गणित होतं, आणि त्यावर गाडीत आमचं बऱ्यापैकी भांडण झालं.

"तू दारूच्या बाबतीत जरा अतीच करतोस," तो म्हणाला.

करतो. माझा मधला मामा इचलकरंजीत यंत्रमागावर होता. पाळी सुटली की देशीच्या दुकानात उभ्या उभ्या, सोबत काही न खाता, कोणी ओळखीचं बघायच्या आत संपवायचा आणि बाहेर पडायचा. घरी विचारलं की उत्तर ठरलेलं, "दोनच घेतल्या." आजीने, मामीने, माझ्या आईने, कोणीच कधी त्या दोन मोजल्या नाहीत. कशा मोजणार? चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आमच्या घरात बिअर हा शब्दही हळू आवाजात उच्चारला जातो, आणि कायद्यानेही आपण ते हळूच उच्चारतो: महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो आणि बसायच्या जागेचं नावच परमिट रूम.

म्हणून बाम्बर्गमध्ये मला बिअरपेक्षा पुठ्ठ्याचं नवल वाटलं. ग्लासाखाली जो गोल पुठ्ठा ठेवतात, त्याच्या कडेवर वाढणारी बाई प्रत्येक ग्लासामागे पेन्सिलने एक रेघ मारते. निघताना रेघा मोजायच्या आणि पैसे द्यायचे. टेबलावरच्या सगळ्यांना दिसतात. खोटं बोलायची सोयच नाही.

श्पेत्सियालमध्ये एक रेघ आणि पोटभर जेवण. मग उतारावरून कालवा ओलांडून बाजारातून ओबेरे ब्रुक्के. नदीच्या मधोमध उभं जुनं नगरभवन. बिशपने जमीन नाकारली म्हणून नागरिकांनी पाण्यात खांब ठोकून बांधलं, अशी दंतकथा आहे. (खरी नसली तरी मला बिल्डरांच्या आधीच्या जगाची कल्पना आवडली.) पूल ओलांडला की पाचेक मिनिटांत श्लेंकर्ला, १४०५ पासूनची नोंद असलेलं. इथली बिअर जास्त धुरकट, लाकडी पिंपातून थेट. पहिल्या ग्लासात आवडली नाही तर तिसऱ्यापर्यंत थांबा, असं तिथे सांगतात. हा सल्ला विक्रेत्याचा आहे हे लक्षात ठेवा. आम्ही एकावर उठलो आणि कॅथेड्रलवर गेलो. तिथे पोप क्लेमेंट दुसरा याची कबर आहे, जर्मनीत आज असलेली पोपची एकमेव कबर. आत जायला पैसे लागत नाहीत. दीड तास तिथे आणि आसपास काढला आणि ग्लासाचा हिशोब यकृताने पूर्ण केला असावा.

दोन-तीन गोष्टी जाता जाता. रोख पैसे ठेवा. पाण्याची बाटली घरून न्या, हॉटेलात पाणी बिअरच्या भावात पडतं. आपलं खाणं पारंपरिक बिअर गार्डनमध्ये चालतं, बव्हेरियाच्या १९९९ च्या नियमातच तसं आहे, पण बसण्याआधी विचारा. आम्ही शेंगदाण्याच्या चटणीची सँडविचेस नेली होती. आणि मोकळं दिसलं म्हणून कुठल्याही टेबलावर बसू नका. एका ठिकाणी आम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या राखीव टेबलावर बसलो आणि अत्यंत नम्रपणे उठवले गेलो.

त्याच ठिकाणी, शेजारच्या टेबलावर एक आजोबा होते. एकटेच. मघापासून इथे आजी, सून, बाबागाडीतलं पोर असं सगळं कुटुंब एका बाकावर बघून मी मनातल्या मनात निबंध लिहायला घेतला होता, की बघा, उजेडात, जेवणासोबत, मोजून पितात, म्हणून यांचं बिघडत नाही. आजोबांच्या पुठ्ठ्यावर रेघा अर्ध्या वर्तुळापर्यंत आल्या होत्या आणि दुपारचे तीनच वाजले होते. वाढणारीने न विचारता पुढचा ग्लास ठेवला, रेघ मारली. रेघ हिशोब ठेवते, माणसाला थांबवत नाही. तो निबंध मी तिथेच डिलीट केला. तरीही मामाच्या दुकानात असा पुठ्ठा असता तर निदान मामीला भांडायला काहीतरी हातात मिळालं असतं, असं अजून वाटतं.

संध्याकाळी काउलबर्गचा चढ चढून ग्राइफेनक्लाउ, १७१९ चं. मागच्या बागेतून दरीपलीकडे आल्टेनबुर्गचा किल्ला दिसतो. तिसरी रेघ. रूममेटने इथे चौथी मागितली, पण 'श्निट' म्हणून. फ्रँकोनियात शेवटचा ग्लास अर्धवट भरून मागायची पद्धत आहे, म्हणजे उठायचंही असतं आणि उठवतही नाही अशांसाठी. मी त्याला अडवलं नाही. तो माझा मामा नाही, आणि त्याने शीटमधल्या उरलेल्या ओळी स्वतःच करड्या केल्या होत्या.

खर्च: बिअर बारा युरोच्या आत, जेवण चौदा. स्टेशनपर्यंत अडीच-तीन किलोमीटर उतार, अंधारात, गप्पा मारत.

गाडीत आईचा फोन आला. कुठे आहेस, मागे कसला आवाज, नेहमीचं. मी यावेळी खोटं बोललो नाही. बिअर प्यायला गेलो होतो म्हणालो.

थोडा वेळ काहीच नाही. मग, "किती?"

"तीन. सकाळपासून. लिहून ठेवलंय."

"कोणी लिहिलं?"

"दुकानातल्या बाईने."

पुन्हा शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"जेवलास का?" तिने विचारलं.