वर्गात आपल्या नावाचं कोण?

गेल्या रविवारी मगरिबनंतर रोशन गेटच्या घरी आम्ही मुलांसोबत 'तारे जमीन पर' पुन्हा पाहिला. २००७ चा हा चित्रपट. त्यातली वसतिगृहाची शाळा पाचगणीची. ईशान अवस्थी, राजन दामोदरन, निकुंभ सर, आडनावांतूनच देश दिसतो. धाकट्याने विचारलं, "अब्बा, या वर्गात आपल्या नावाचं कोण आहे?" आम्हाला चटकन एकही नाव सुचलं नाही. निकुंभ सर म्हणजे आमिर खान, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण त्याला बाकावरचा सोबती हवा होता.

मग आम्ही राजनकडे बोट दाखवलं. तो पायाने अधू, पण लेखक अमोल गुप्तेंनी त्याला दयेचा विषय केलेलं नाही. तो हुशार आहे. कवितेचा अर्थ तूच बरोबर सांगितलास, असा धीर तोच ईशानला देतो. आधी मित्र, मग अधूपण.

आपली मुलंही पडद्यावर अशीच यावीत. संशयित म्हणून नकोत, ईदच्या शेवयांपुरतीही नकोत. पण त्या गोष्टी लिहिणार कोण? डॉक्टर-इंजिनिअरच्या आपल्या यादीत लेखकालाही जागा देऊ या.