विश्लेषण : डायनासोरच्या पाऊलखुणा दिसल्याच नाहीत, तर सहल फुकट गेली का?

अमेरिकेत टेक्सासमधील ग्लेन रोझ गावाजवळ पलक्सी नदीच्या पात्रात डायनासोरच्या पाऊलखुणा आहेत. ‘डायनासोर व्हॅली स्टेट पार्क’मध्ये त्या काचेआडून नव्हे, तर थेट नदीत उतरून पाहता येतात. डॅलसहून गाडीने दीड-दोन तासांचा रस्ता असल्याने तिथल्या मराठी कुटुंबांनाही सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. अडचण एकच. नदीला पाणी जास्त असेल, तर खुणा दिसत नाहीत. मुलं हिरमुसतात, पालकांना फेरी वाया गेल्यासारखं वाटतं. पण पाण्याला दोष देणं योग्य आहे का?

खुणा टिकल्या कशा?

सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी इथे समुद्रकिनारा होता. चुनखडीच्या ओल्या चिखलातून डायनासोर चालत गेले. त्या ठशांवर गाळाचे थर साचले आणि कालांतराने खालच्या चिखलाचा दगड झाला. पुढे नदीने वरचे थर झिजवले आणि ठसे उघडे पडले. तीन बोटांचे ठसे अ‍ॅक्रोकँथोसॉरससारख्या मांसाहारी डायनासोरचे, तर मोठे, गोलसर ठसे लांब मानेच्या शाकाहारी सॉरोपॉडचे मानले जातात.

माणसांनी काय केलं?

१९३०च्या दशकातील मंदीत काही स्थानिकांनी ठसे खणून विकले. काहींनी तर खोटे ठसे कोरले. १९३८ मध्ये रोलंड बर्ड हे संशोधक इथे आले. त्यांनी काढून नेलेल्या पाऊलवाटेचा भाग आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे. तिथे तो सुरक्षित आहे, पण शेजारून वाहणारी नदी तिथे नाही. १९६८ मध्ये या जागेला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा मिळाला.

मग दुष्काळ बरा की पाणी?

ऑगस्ट २०२२ मध्ये दुष्काळाने पात्र आटलं आणि एरवी पाण्या-गाळाखाली असणारे ठसे दिसू लागले. त्यांचे फोटो जगभर फिरले. मात्र उघडा पडलेला दगड ऊन-पावसाने झिजतो. गाळ हे त्याचं पांघरूण आहे. म्हणजे जे पाहायची आपल्याला घाई असते, ते झाकलेलं असल्यामुळेच टिकलं आहे.

पालकांनी काय करावं?

निघण्यापूर्वी उद्यानाकडून पाण्याच्या पातळीची माहिती घ्यावी. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी असण्याची शक्यता जास्त. पाण्यात चालतील अशा चपला न्याव्यात. ठसा दिसला तर मुलांनी त्याशेजारी आपलं पाऊल ठेवून फरक पाहावा. काठीने किंवा दगडाने तो खरवडू मात्र देऊ नये. आणि काहीच दिसलं नाही, तर ‘बघायला काही नव्हतं’ असं सांगून मुलांना गाडीत बसवू नये. पावलं इथेच, या पाण्याखाली आहेत आणि पुढच्या वेळीही असतील, हे काठावर उभं राहून त्यांना सांगावं. जपणूक म्हणजे काय, हे मुलांना तिथेच समजेल.