बाकावरचा शेजारी

परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर भल्या सकाळी उभे राहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. तिथे आलेल्या प्रत्येक कुटुंबातल्या कुणा एकाच्या काखोटीला पिशवी असते आणि तो ती जिवापाड जपत असतो. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सोनोग्राफीचा अहवाल, बायॉप्सीच्या काचपट्ट्या, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि जमल्यास आमदारांचे पत्र, असा सगळा ऐवज तिच्यात असतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या फाटकातून आत गेल्यावर यातला कोणता कागद कुठल्या खिडकीवर दाखवायचा, हे ज्याला कळले त्याचे त्या दिवसाचे निम्मे काम झाले म्हणायचे.

मी पस्तीस वर्षे बँकेत कागदच वाचले. त्यामुळे निवृत्तीनंतर एका मित्राने, दुसऱ्या एका रुग्णालयात, कर्करुग्णांना साहाय्य करणाऱ्या संस्थेच्या टेबलावर बसायला बोलावले तेव्हा मी तत्काळ होकार दिला. दर मंगळवारी नऊ ते एक. अर्ज भरून द्यायचे, रांग दाखवायची, योजनेच्या मंजुरीसाठी काय राहिले आहे ते बघायचे. हे आपल्याला येते, असे मला वाटत होते. कागद हा त्यातला सर्वात सोपा भाग आहे, हे कळायला पुढे एक गुरुजी भेटावे लागले.

त्यांच्याकडे येण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मुंबईत या कामाची परंपरा जुनी आहे. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. दहा वर्षांनी, १९५१ साली, डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आली. १९८६ साली वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना सदन उभे राहिले. जिथे बरे करण्याचे उपाय संपतात तिथून पुढची शुश्रूषा करणारी ही देशातली पहिली संस्था. उपचारासाठी आलेल्या लहान मुलांना आईवडिलांसह राहता यावे म्हणून सेंट ज्यूडची केंद्रे २००६ पासून सुरू झाली. आणि दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा ठाऊक नसलेला कर्करुग्णाचा नातेवाईक मुंबईत विरळाच.

या साऱ्या संस्थांत पगारी माणसांच्या जोडीला बिनपगारी माणसे राबत आली. त्यांचे काम मात्र बदलले आहे. पूर्वी औषधाच्या पैशांसाठी देणगीदार शोधणे हे मुख्य काम असे. आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पैशाचा प्रश्न मिटला असे कोणी म्हणणार नाही. मुंबईतली भाडी, प्रवास, बुडालेली मजुरी यांची भरपाई कोणती योजना करते? तरीही दात्याच्या शोधापेक्षा आता वाट दाखवणाऱ्याची गरज अधिक आहे, आणि त्याहून अधिक शेजारी बसणाऱ्याची.

ते गुरुजी मराठवाड्यातले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मुलगा सोबत होता. पहिल्याच दिवशी त्याने मला बाजूला घेऊन सांगितले, "काका, बाबांना गाठ आहे एवढंच सांगितलंय. तुम्ही काही बोलू नका." असे सांगणारे मुलगे, सुना, भाऊ मला दर मंगळवारी भेटतात. त्यांच्या मनात माया असते, यात संशय नाही. मी मान डोलावली.

तिसऱ्या खेपेला मुलगा औषधे आणायला गेला होता. गुरुजी बाकावर माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेत होता ना? माझ्या ठेवी सगळ्या माझ्या एकट्याच्या नावावर आहेत. आमच्या मंडळींचं नाव आत्ताच लावून घेऊ, की बरा होऊन गेल्यावर बघू?"

मी म्हटले, "आधी बरे व्हा गुरुजी. मग निवांत बघू."

दोन महिन्यांनी ते गावी गेले, म्हणजे वारले. पुढे मुलाचा फोन आला. ठेवींवर वारस नेमलेला नव्हता. सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र, प्रतिज्ञापत्र, जामीनदार. त्यात बहिणीच्या सासरचे सही द्यायला तयार नव्हते. त्या बाई नवऱ्याच्या दिवसकार्यानंतर कित्येक महिने बँकेच्या काउंटरसमोर उभ्या राहत होत्या. आयुष्यभर मी येईल त्या खातेदाराला 'नॉमिनीचा रकाना भरा' म्हणून बजावले. ज्या एका माणसाला ते सांगायलाच हवे होते, त्याला मी थांबायला सांगितले.

आज मला वाटते, गुरुजींनी त्या दिवशी ठेवींबद्दल विचारले नव्हतेच. मी बरा होणार आहे का, हे ते विचारत होते आणि ते सरळ विचारता येईल असे माणूस घरात कोणी उरले नव्हते. त्यांना बहुधा सगळे कळले होते. कुटुंबाने त्यांच्यापासून लपवले, त्यांनी कुटुंबापासून लपवले, आणि या दोहोंमध्ये जो परका माणूस म्हणून उपयोगी पडू शकला असता, तो मी, घरच्यांसारखाच वागलो.

मग मी काय करायला हवे होते? रोगाचे नाव सांगणे हे माझे काम नव्हते, ते डॉक्टरांचे. पण खोटे न बोलणे माझ्या हाती होते. "तुम्हाला काय वाटतंय, गुरुजी?" एवढा प्रश्न मी विचारू शकलो असतो आणि गप्प बसू शकलो असतो. ते काय बोलले हे त्यांच्या परवानगीने डॉक्टरांच्या किंवा तिथल्या समाजसेविकेच्या कानावर घालू शकलो असतो. आणि काही झाले तरी, "नाव आजच लावा, निरोगी माणसानंही लावावं," हे तर बँकेतला कोणताही कारकून म्हणाला असता.

इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स नावाच्या बाई होऊन गेल्या. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि पुढे वेदनेवर काम करता यावे म्हणून १९५७ साली डॉक्टर झालेल्या. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाचे दुखणे एकट्या शरीराचे नसते, त्यात मनाचे, संसाराचे, पैशाचे आणि 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचे दुखणे मिसळलेले असते, ही त्यांची मांडणी. गुरुजींच्या ठेवी म्हणजे त्यांच्या दुखण्याचाच भाग होत्या.

तेव्हा स्वयंसेवकाला शिकवावे लागते. चांगले मन पुरत नाही. केरळने हे ओळखले. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने १९९३ साली कालिकतला वेदनाशामक सेवेची संस्था निघाली आणि पुढच्या दशकात त्यातून शेजारपाजारच्या माणसांचे जाळे विणले गेले. ज्याला आठवड्याला किमान दोन तास देता येतील त्याने नाव नोंदवायचे, सोळा तासांचे वर्ग आणि चार दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा आणि आपल्याच भागातल्या आजाऱ्यांकडे जायचे. पैसा मुख्यतः छोट्या वर्गण्यांतून. २००८ साली राज्य सरकारने या सेवेचे धोरणच जाहीर केले. देशात असे करणारे ते पहिले राज्य.

आपल्याकडे हे होणार नाही, असे मानायचे कारण नाही. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी लक्षणांबद्दल बोलले, आणि पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर रुग्ण तपासणीला येऊ लागले. गावात जाऊन बोलणाऱ्या माणसाने काय होते, हे सोलापूर जिल्ह्याने दाखवून दिलेले आहे.

हे सारे आताच सांगण्याचे कारण असे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे, की २०२२ साली देशात कर्करोगाचे सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण होते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत दिवसभराच्या उपचारांची कर्करोग केंद्रे काढण्याची घोषणा झाली. ती अमलात येईल तसतशी केमोथेरपीची बाटली जिल्ह्याच्या गावी लटकू लागेल. चांगलेच आहे. पण मदतीचे टेबल परळलाच राहिले, तर बीडच्या किंवा नंदुरबारच्या बाकावर रुग्णाशेजारी कोण बसणार?

माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी आहेत, परिचारिका आहेत, आमच्यासारखे बँकवाले आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बचत गट आहेत. त्यांनी जिल्हा रुग्णालयाशी बोलून दहा-बारा जणांची तुकडी करावी, शिक्षण घ्यावे, वार ठरवून घ्यावेत आणि ठरल्या वारी जावे. बँकेत रुजू होताना आम्ही खातेदाराची माहिती बाहेर न फोडण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करत असू. इथेही तशी सही असावी. देवाधर्माचे, पथ्याचे, गावठी औषधांचे सल्ले देण्याची मुभा कुणालाही नसावी.

एक सावधगिरी मात्र हवी. स्वयंसेवक मिळतात म्हणून सरकारने परिचारिकेची जागा रिकामी ठेवली, तर ती सेवेची थट्टा होईल. असह्य वेदनेवर मॉर्फिन लागते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते मिळणे दुरापास्त झाले, म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. ती गोळी तालुक्याला पोचवणे हे सरकारचे काम आहे. आम्ही रात्रभर हात धरून बसलो तरी त्या गोळीचे काम आमच्याने होणार नाही.

गेल्या मंगळवारी एका बाईंनी विचारले, "भाऊ, यातून माणूस उठतो का हो?" मी त्यांना विचारले, "तुम्हाला काय वाटतं?" त्या बराच वेळ बोलल्या. मुलीच्या लग्नाबद्दल, म्हशीबद्दल, नवऱ्याच्या दारूबद्दल. मग त्यांनी स्वतःच ठरवले, की डॉक्टरांना आज सगळे विचारायचे. मी त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत गेलो आणि रांगेत उभा राहिलो.