आरसा नवा बसवला, पण शॉकअप कोणी पाहिला?

जूनचा पहिला पाऊस, रस्त्यावर ऑइलचा चकाकता थर आणि पुढे अचानक थांबलेली रिक्षा. गेल्या वर्षी साताऱ्यात माझी सव्वाशे सीसीची गाडी घसरली तेव्हा वेग फार तर तीस-पस्तीस असेल. गाडी डाव्या कुशीवर आडवी झाली, तशीच घसरत गेली आणि पुढचे चाक दुभाजकाला आपटले. चार माणसे धावली, गाडी उभी केली. एकाने किक मारून पाहिली आणि 'चालू हाय की, काय झालं नाय' असे सांगून तो निघूनही गेला. संध्याकाळी गॅरेजमध्ये हेडलाइटचा व्हायजर, डावा आरसा, दोन इंडिकेटर आणि क्लच लिव्हर बदलून घेतली. बिल झाले १,८०० रुपये. गाडी दिसायला जशीच्या तशी.

पंधरा दिवसांनी महामार्गावर साठच्या पुढे गेलो की हँडल हलकेच डावीकडे ओढू लागले. आधी हवा तपासली, मग टायर. शेवटी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी मेन स्टँडवर लावली, समोर उकिडवे बसून एक डोळा मिटला आणि म्हणाला, 'साहेब, टी वाकलीय. एक पाइपपण गेलाय.' दोन्ही शॉकअप ज्या लोखंडी पट्ट्यांत धरलेले असतात, ती ही टी. तीच वाकलेली घेऊन मी पंधरा दिवस फिरत होतो आणि त्यातले चार दिवस मागे मुलगी बसलेली होती.

पहिल्या गॅरेजवर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही. मी जे सांगितले तेच त्याने केले. 'गाडी पहिल्यासारखी करून द्या' असे आपण म्हणतो तेव्हा मनात फुटलेले आणि खरचटलेले भाग असतात. जे वाकले आहे पण दिसत नाही, ते आपण सांगत नाही आणि न सांगितलेल्या कामाचे पैसे मागायला मेकॅनिकही कचरतो. मोटारसायकलच्या दुरुस्तीत आपल्याकडे क्रमच उलटा लागला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्यावरच काय पाहायचे?

आधी माणूस, मग गाडी, हे सांगायला नको. गाडी उचलण्याआधी चावी बंद करा. पेट्रोलचा वास येत असेल तर थांबा. कार्ब्युरेटरच्या गाडीत आडवे पडल्यावर पेट्रोल बाहेर येतेच. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कलण्याचा सेन्सर असेल तर तो इंजिन बंद पाडतो. तेव्हा स्टार्टर दाबत बसण्याऐवजी चावी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायची असते.

गाडी कोणत्या बाजूला पडली यावर बरेच ठरते. डावीकडे पडली तर क्लच लिव्हर आणि गिअरची पट्टी. उजवीकडे पडली तर पुढच्या ब्रेकची लिव्हर, पायातला ब्रेक आणि सगळ्यात धोकादायक म्हणजे ॲक्सिलरेटरची मूठ. घासलेली मूठ हँडलच्या टोकाला अडकून बसते आणि पिळल्यावर परत येत नाही. इंजिन बंद ठेवून, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, मूठ सोडल्यावर ती दोन्हीकडे आपोआप मागे येते का, एवढे तरी पाहावे. येत नसेल तर गाडी ढकलत न्यावी किंवा टेम्पोत घालावी. पायातला ब्रेक इंजिनाच्या बाजूला आत वाकून अडकला असेल तरीही तेच.

खरी तपासणी कोणती?

इथे थोडे थांबू, कारण या भागासाठी गॅरेजमध्ये पंधरा-वीस मिनिटे आणि एक दोरी पुरते.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर घ्या. एकाने मागचा भाग दाबून पुढचे चाक उचलून धरावे. आता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ते लोण्यासारखे फिरले पाहिजे. बरोबर मधोमध एखाद्या खाचेत बसल्यासारखे वाटले तर कोनसेटच्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत. मग शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवा. खडखड लागली तर कोनसेट ढिला आहे. नंतर चाक फिरवून रिमच्या अगदी जवळ खडू धरा. अंतर कमी-जास्त होत असेल तर चाकाला आउट आहे. तारांच्या चाकाचा आउट काढता येतो. अलॉय चाकाला तडा गेला असेल तर मात्र ते बदलायचे. त्यावर वेल्डिंग मारून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जाऊ नये.

गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबा आणि हँडलवर जोर द्या. शॉकअप सहज दबून सहज वर आले पाहिजेत. अडखळत असतील तर ते वाकले आहेत किंवा पिळले आहेत. या दोन शब्दांतला फरक मेकॅनिकला विचाराच. हलक्या पडण्यात पुष्कळदा पाइप वाकत नाहीत, टीच्या पकडीत फिरतात. चाक सरळ आणि हँडल तिरके दिसते ते यामुळे. असे असेल तर टीचे बोल्ट ढिले करून सगळे सरळ बसवता येते, खर्च जवळपास मजुरीचाच. आपल्याकडे मात्र बोल्ट ढिले न करता चाक दोन गुडघ्यांत धरून हँडलला हिसका देण्याची पद्धत आहे. त्याने हँडल सरळ दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते. पाइप आत वाकलेला आहे की नाही हे मात्र कोणी पाहिलेलेच नसते. ते पाहायचे तर पाइप काढून जाड काचेवर गोल फिरवावा लागतो. खाली उजेडाची फट उघडझाप करत असेल तर पाइप वाकलेला आहे. किंचित वाकलेला पाइप प्रेसवर सरळ होतो असे सांगतात, कंपनीच्या मर्यादेत असेल तर होतोही. त्यावर सुरकुती आली असेल तर नवाच घ्यावा.

आता दोरी. आधी मागच्या चिमट्यावरच्या खुणा पाहून मागचे चाक दोन्ही बाजूंनी सारखे बसवा. मग मागच्या टायरला टेकवून दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणा, दोन्हीकडून. बहुतेक गाड्यांत पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असतो, त्यामुळे दोरी त्याला टेकणार नाही. पण सुटलेली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. शॉकअप, टी, चाक सगळे ठीक असून फट सारखी येत नसेल तर संशय चेसिसवर जातो. टाकी काढून हँडलच्या मानेजवळचा रंग पाहा. घासल्याचा ओरखडा वेगळा. रंगाला बारीक आडव्या चिरा किंवा पापुद्रे आले असतील तर खालचे लोखंड ताणले गेले आहे. मानेजवळ गॅसने तापवून सरळ केलेली चेसिस मी तरी चालवणार नाही.

विमा आहे, मग अडते कुठे?

अनेकांकडे फक्त थर्ड पार्टी विमा असतो, कारण कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे. त्यात स्वतःच्या गाडीचा रुपयाही मिळत नाही. ज्यांच्याकडे ओन डॅमेज आहे तेही क्लेम टाळतात. एक कारण घसाऱ्याचे. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. लोखंडी भागांवर गाडीच्या वयानुसार कपात होते. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर शून्य, तिसऱ्या वर्षात १५ टक्के, पाचव्या वर्षात ३५, त्यानंतर दहा वर्षांपर्यंत ४०. म्हणजे जो खर्च व्हायजर-इंडिकेटरचा आहे त्यात कपात जास्त, आणि नव्या गाडीच्या टी-पाइपसाठी कपात कमी. नेमके ज्या भागांचे पैसे चांगले मिळतात तेच भाग आपण तपासत नाही!

दुसरे कारण 'नो क्लेम बोनस जाईल' ही भीती. ही सवलत फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या हप्त्याशी तिचा संबंध नाही. समजा तुमच्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता ८०० रुपये आहे आणि बोनस २० टक्के. क्लेम केला तर गमावणार १६० रुपये. पाच वर्षांत बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला असेल तर पुढच्या वर्षी ४०० रुपये जास्त पडतील, आणि पुन्हा तिथवर चढायला वेळ लागेल. तीन-चार हजारांच्या कामासाठी ही भीती बाळगण्यात अर्थ नाही. कारच्या बाबतीत हिशेब वेगळा असतो, तोच आपण दुचाकीला लावतो.

एक काळजी मात्र घ्या. विमा कंपनीला कळवण्याआधी आणि त्यांच्या माणसाने पाहण्याआधी गाडी खोलू देऊ नका. खोलल्यावर आत नवे नुकसान सापडले तर काम तिथेच थांबवून पुन्हा पाहणी मागता येते. पहिल्या एस्टिमेटवर गोष्ट संपत नाही, हे गॅरेजवाले बहुधा सांगत नाहीत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. ती मोडीत जाईलच असे नाही. भंगारवाल्याकडून दुरुस्त होऊन ती पुन्हा बाजारात येऊ शकते.

तपासणार कोण?

खरी अडचण इथे आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्या काळात ती किती वेळा पडली, काय वाकले, काय जोडले, हे पाहणारी एकही सरकारी तपासणी नाही. पीयूसीवाला धूर मोजतो, शॉकअप नाही. गंभीर अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात, पण ते आधीच्या बिघाडामुळे अपघात झाला का हे ठरवण्यासाठी. दुरुस्तीनंतर ती रस्त्यावर चालवण्याजोगी झाली का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आरसी बुकात अपघाताची नोंद नसते, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यालाही काही कळत नाही. त्याने निदान हँडल टोकापर्यंत वळवून मानेखालचे छोटे लोखंडी कान पाहावेत. ते चेपलेले असतील तर हँडल कधी तरी जोरात आपटले आहे. विकणारा काहीही सांगो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. यातल्या किती गाड्या आधी एकदा पडून अर्धवट दुरुस्त झाल्या होत्या, हे त्या आकड्यात दिसत नाही.

दर पडलेल्या गाडीला आरटीओत उभे करा, अशी माझी मागणी नाही. रोज डिलिव्हरीवर फिरणाऱ्या पोराची गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्याची दोन दिवसांची कमाई जाते. तो हिसका देऊन हँडल सरळ करून घेतो ते अज्ञानामुळे नव्हे, भाड्याच्या खोलीमुळे. पण अपघाताच्या दुरुस्तीच्या बिलावर 'शॉकअप, टी, कोनसेट, चाकाची रेषा तपासली' अशी एक ओळ आणि मेकॅनिकची सही असायला काय हरकत आहे? विमा कंपन्यांनी अपघाताच्या क्लेममध्ये ती ओळ बंधनकारक करावी आणि त्या तपासणीची मजुरी कपातीविना द्यावी. याला नवा कायदा लागत नाही.

आणि हेल्मेट. त्याला मार बसला असेल तर बाहेरून धड दिसले तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो. दबलेला थर पुन्हा फुगत नाही. ते बदलायचे. आयएसआय खुणेचे नवे हेल्मेट टीपेक्षा फार महाग नसते.

माझे दुसरे बिल ३,४०० रुपयांचे झाले. टी एक, पाइप एक, कोनसेट, दोन ऑइल सील, ऑइल आणि मजुरी. वाकलेली टी मी मागून घेतली. ती टेबलावर नुसती ठेवली तर कोणालाच वाकलेली दिसत नाही. शेजारी लोखंडी पट्टी लावली की एका बाजूला बोटाच्या नखाएवढी फट दिसते.