फॉरमॅट करू का? आधी 'नाही' म्हणा!

दिवाळीच्या साफसफाईत बडोद्याच्या मावशीच्या कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत बिस्किटं नव्हती, सुईदोराही नव्हता. होत्या बारा फ्लॉपी. काळ्या, चौकोनी, साडेतीन इंची. प्रत्येकीवर काकांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी: 'आठवणी १', 'आठवणी २'... थेट बारापर्यंत.

काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. निवृत्तीनंतर १९९७ साली त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला होता. कोकणातून बडोद्याला आलेल्या आपल्या घराची हकिगत ते रोज दुपारी मराठीत टाइप करत बसायचे. छापून घेऊ, छापून घेऊ म्हणता राहून गेलं. पुढे कॉम्प्युटर भंगारात गेला आणि फ्लॉपी डब्यात.

मावशी डबा घेऊन कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. त्याच्याकडे फ्लॉपी ड्राइव्ह होता हेच नवल! पहिली फ्लॉपी आत सरकवली, जरा घरघर झाली आणि पडद्यावर विंडोजचा प्रश्न उमटला: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?

'फॉर्मेट मारवुं पडशे, आंटी,' दुकानदार म्हणाला. म्हणजे फॉरमॅट मारावं लागेल! त्याचं बोट 'होय'वर जायच्या आत मावशीनं मला फोन लावला.

'अरे, हा काहीतरी करू का म्हणून विचारतोय. हो म्हणू?'

'नाही म्हण! आणि फ्लॉपी घेऊन आधी घरी जा!' मी ओरडलोच.

वाचकहो, असा एखादा डबा तुमच्याही माळ्यावर असेल. त्यात कुणाचा प्रबंध असेल, कुणाचा जमाखर्च, कुणाच्या कविता. म्हणून या वेळी फ्लॉपीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी थोडं बोलू. विषय जुना वाटेल, पण या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा मात्र अजून होत आहेत.

आधी त्या घातकी प्रश्नाचा अर्थ समजून घ्या. 'फॉरमॅट केलेली नाही' याचा अर्थ फ्लॉपी कोरी आहे असा मुळीच नव्हे. तिच्या सुरुवातीचा, ओळख सांगणारा भाग विंडोजला वाचता किंवा ओळखता आला नाही, इतकंच. घराच्या दारावरची पाटी पुसली गेली, म्हणून आतली माणसं गेली असं थोडंच आहे? पण तुम्ही 'होय' म्हणून पूर्ण फॉरमॅट केलंत, तर मात्र घर रिकामं!

साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या आत एक पातळ चुंबकीय चकती असते. तिच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकचे १८ सेक्टर, असे एकूण २,८८० कप्पे. प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट, म्हणजे मराठी मजकुराच्या साधारण सात-आठ ओळी. एक कप्पा गेला तर सात-आठ ओळी गेल्या. बाकीचे २,८७९ कप्पे ठणठणीत असू शकतात. नक्कल करणारं सॉफ्टवेअर त्या एका बिघडलेल्या कप्प्यापाशी कसं वागतं, यावर सगळं अवलंबून आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास केला, त्यांना 'कॉपी' आणि 'डिस्ककॉपी' या डॉसच्या दोन आज्ञा आठवत असतील. कॉपी फक्त फाइली उचलायची. डिस्ककॉपी अख्खी फ्लॉपी, कप्प्यामागून कप्पा, जशीच्या तशी दुसरीवर उतरवायची. रिकामे दिसणारे कप्पेसुद्धा! या फरकाचं महत्त्व पुढे कळेल.

डिस्ककॉपीचा एक ताप मात्र भारी होता. डॉसला वापरता येणारी मेमरी ६४० केबी आणि फ्लॉपी १.४४ एमबीची. त्यामुळे थोडं वाचायचं, मूळ फ्लॉपी काढायची, कोरी घालायची, थोडं लिहायचं, पुन्हा मूळ घालायची... या घालकाढीत एखाद्या वेळी मूळ फ्लॉपीवरच लिहिलं जायची धास्ती. शेवटी १९९३च्या एमएस-डॉस ६.२ मध्ये ही अडचण दूर झाली. सगळा मजकूर आधी हार्ड डिस्कवर साठवायचा आणि मग एका दमात उतरवायचा. सुधारणा साधीच, पण ज्यांनी पन्नास-पन्नास फ्लॉपी हातानं बदलल्या होत्या त्यांना विचारा!

'जशीच्या तशी' म्हणजे त्यात व्हायरसही आला. १९९० साली भारतात सापडलेला 'जोशी' नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यात ठाण मांडून बसायचा. ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडून बसायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावायचा. केलंत की सुटका. हे जोशी कोण, या चर्चेत तेव्हा ऑफिसातल्या खऱ्या जोशींची काय अवस्था होत असेल, कल्पना करा!

पण डिस्ककॉपीचा खरा दोष वेगळा होता. खराब कप्पा आला की ती कुरकुर करायची, 'वाचता येत नाही' सांगायची आणि तयार झालेली नक्कल वापरण्याजोगी असेलच असं नाही, असं म्हणून मोकळी व्हायची. नेमकं काय आलं आणि काय राहिलं, याचा व्यवस्थित हिशेब तुमच्या हातात पडत नसे. तेव्हा ते चालूनही जायचं, कारण मूळ फ्लॉपी ताजी असायची आणि बाजारात नव्या मिळायच्या. आज दोन्ही नाही. सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११च्या मार्चमध्ये थांबवली. फ्लॉपीवरच कागदपत्रं द्या, असं सांगणारे सरकारी नियम जपाननं २०२४ साली रद्द केले. घरात उरलेल्या फ्लॉपी आता दरवर्षी म्हाताऱ्या होताहेत आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना बुरशीही धरते.

म्हणून आजच्या सॉफ्टवेअरची रीत निराळी आहे. फ्लॉपीवरून फ्लॉपी करायचीच नाही. अख्ख्या फ्लॉपीची एक फाइल करायची, तिला 'इमेज' म्हणतात. फ्लॉपीला शक्य तितका कमी त्रास द्यायचा आणि पुढची सगळी खटपट त्या इमेजच्या प्रतीवर करायची. 

मावशीच्या बारा फ्लॉपी आम्ही याच पद्धतीनं घेतल्या. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला आणि ऑफिसातल्या एका मित्राच्या लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' चालवलं. अँटोनियो डियाझ डियाझ यांनी लिहिलेलं हे मोफत सॉफ्टवेअर २००४पासून आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या आहेत. त्याचा स्वभाव मला आवडला. खराब जागा आली की ते तिथे डोकं आपटत बसत नाही. ती बाजूला ठेवून आधी चांगलं चांगलं उचलून घेतं. मग परत फिरून राहिलेल्या जागा, एकदा पुढून एकदा मागून, खरवडून काढतं. शिवाय एक नकाशा ठेवतं: मिळालेल्या भागापुढे अधिकचं चिन्ह, न मिळालेल्यापुढे उणेचं. मध्येच वीज गेली तरी पुन्हा सुरू केल्यावर नकाशा बघून तिथूनच पुढे.

या नकाशाचा आणखी एक उपयोग आहे. 'आठवणी १'चे काही कप्पे आमच्या ड्राइव्हवर येईनात. काकांच्या ड्राइव्हचं डोकं बहुधा किंचित तिरकं असावं. तेव्हा त्याच मित्रानं एक दुसरा, जुना ड्राइव्ह पैदा केला. तोच नकाशा दिल्यावर डीडीरेस्क्यूनं फक्त राहिलेले कप्पे त्यावरून मागितले. दोन कप्पे सोडून सगळं आलं. दुकानात फॉरमॅट होता होता वाचलेली हीच ती फ्लॉपी!

यानंही भागलं नाही तर? मग आणखी खोलात जाणारी साधनं आहेत. कीर फ्रेझर यांचं 'ग्रीसवीझल' हे त्यातलं एक. हाताच्या पंजाहून लहान असं सर्किट बोर्ड, एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीचा फ्लॉपी ड्राइव्ह. यूएसबीचा ड्राइव्ह इथे चालत नाही. हे साधन कप्पे मागत नाही, तर चकतीवरचे चुंबकीय चढउतारच टिपून घेतं आणि त्यांचा अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं. त्यामुळे सव्वापाच इंची फ्लॉपी, दुसऱ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरच्या फ्लॉपी, सगळ्याच त्याच्या आवाक्यात येतात. काम संपलं की ते सांगतं, २,८८० पैकी अमुक कप्पे मिळाले. आणि न मिळालेल्या कप्प्याच्या जागी फाइलमध्ये चक्क 'बॅड सेक्टर' असे शब्द लिहून ठेवतं. ती जागा शून्यांनी भरून 'नक्कल पूर्ण' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं.

याच जातीच्या 'क्रायोफ्लक्स' नावाच्या साधनानं चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या फ्लॉपी वाचल्या गेल्या आणि त्यांनी १९८५ साली अमिगा कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं २०१४मध्ये जगापुढे आली. त्याआधीची, २०१२ची एक हकिगत तर आपल्या मावशीच्याच वळणाची आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा कॉम्प्युटरचा खेळ लिहिणारे जॉर्डन मेक्नर यांना आपला मूळ प्रोग्राम कित्येक वर्षं सापडत नव्हता. एक दिवस त्यांच्या वडिलांना घरच्या कपाटात एक खोका मिळाला, त्यात ॲपलच्या फ्लॉपी. जाणकार मंडळी जुनी यंत्रं घेऊन आली आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तो प्रोग्राम सुखरूप बाहेर निघाला.

हा खेळ मी उगाच नाही आठवला. काकांची 'आठवणी ५' उघडली, तर आत आठवणी नाहीतच! तिथे तोच राजपुत्र, १९९९ सालच्या तारखांसकट. मी पुण्याला मावसभावाला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, 'अरे, कोरी फ्लॉपी मिळेना म्हणून मीच ती पुसून... बाबा काही बोलले नव्हते रे.'

आणि इथे ती कॉपी आणि डिस्ककॉपीची गोष्ट उपयोगी पडली. फाइल पुसली की तिचं नाव यादीतून जातं. मजकूर त्या कप्प्यांवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो. खेळानं सगळी फ्लॉपी व्यापलेली नव्हती. आम्ही नुसत्या फाइली उचलल्या असत्या तर फक्त खेळ हाती लागला असता. अख्ख्या फ्लॉपीची इमेज घेतल्यामुळे मागच्या 'रिकाम्या' कप्प्यांत काकांच्या मजकुराचे तुकडे सापडले.

ते वाचायला मात्र आणखी एक दिव्य. त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. तो खिचडा पाहून 'फाइल करप्ट झाली' म्हणून टाकून देऊ नका! जुन्या फॉन्टचा मजकूर आजच्या युनिकोडमध्ये उतरवणारी सॉफ्टवेअर मिळतात. फक्त फॉन्टचं नाव ठाऊक हवं. काकांनी ते 'आठवणी १'च्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, व्यवस्थित माणूस!

तुम्हाला हे करायचं असेल तर तीन-चार गोष्टी लक्षात ठेवा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून आरपार भोक दिसू द्या, म्हणजे तिच्यावर चुकूनही लिहिलं जाणार नाही. सव्वापाच इंचीचं उलट आहे, तिची बाजूची खाच चिकटपट्टीनं झाकायची. धातूची झडप हळूच सरकवून चकती पाहा. पांढरे डाग दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, चकती खरवडली जाईल आणि डोक्याला लागलेली घाण पुढच्या फ्लॉपीला लागेल. यूएसबीचा ड्राइव्ह साडेतीन इंची नेहमीच्या फ्लॉपीपुरताच. आणि दुकानात दिलीत तर समोर बसून राहा.

मावशीकडे आता दीडशे पानांची बाडं आहेत. पहिल्या भागात दोन ठिकाणी 'बॅड सेक्टर' अशी पाटी आम्ही मुद्दाम तशीच ठेवली. पाचव्या भागात मोजून सतरा तुकडे. एका तुकड्यात काकांचे वडील रत्नागिरीहून बोटीनं मुंबईला येतात, दुसऱ्यात गाडीनं बडोद्याला उतरतात, खिशात एक पत्ता असतो आणि फलाटावर कुणीतरी त्यांना नावानं हाक मारतं. तुकडा तिथेच संपतो.

'कुणी मारली हाक?' मी मावशीला विचारलं.

'मला नाही रे माहीत. हे मला कधी सांगितलंच नव्हतं त्यांनी,' ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, 'तो खेळ चालतो का अजून?'

चालतो. आजच्या कॉम्प्युटरवर डॉसचे जुने खेळ चालवणारं 'डॉसबॉक्स' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. नाताळच्या सुटीत मावसभाऊ बडोद्याला आला, तेव्हा मावशीनं त्याला समोर बसवून खेळायला लावलं. तिसऱ्या पातळीला तो मेला.