वय काय विचारता, तब्येत विचारा!

ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याला सल्ला देण्याचा अधिकार राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. लोक पगाराबद्दल आडून विचारतात, मुलीच्या लग्नाबद्दल जरा चाचरत विचारतात; पण जुन्या गाडीचा विषय निघाला की सरळ तोंडावर, "अजून तीच का?" हे विचारताना चेहऱ्यावर जो भाव असतो, तो एरवी फक्त दवाखान्याच्या जिन्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतानाच पाहायला मिळतो.

तर होय, अजून तीच. मारुती आठशे, साल २००४. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली आणि पुढे त्यांच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला तेव्हा पुण्याला आमच्याकडे पाठवली. याला कोणी हुंडा म्हणू नये. हुंडा लग्नात मिळतो. ही लग्नाला बारा वर्षं उलटल्यावर आली, आणि आली तेव्हा बॅटरी उतरलेली होती.

सातशे शहाण्णव सीसीचं इंजिन, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं. १९८३ च्या डिसेंबरात या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली एका ग्राहकाच्या हातात पडली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत आपल्या अर्ध्याअधिक मध्यमवर्गाने गाडी म्हणजे काय हे हिच्यातच बसून, मांडीवर एक पाहुणा घेऊन, शिकून घेतलं. आता तोच मध्यमवर्ग हिच्याकडे बघून नाक मुरडतो. चालायचंच. पण नाक मुरडणाऱ्यांची जी कारणं असतात ती मला आज एकदा निकालात काढायची आहेत.

पहिलं कारण आमचे मेहुणे सांगतात. त्यांच्याकडे नवीकोरी उंच गाडी आहे. तिच्यात एक पडदा आहे, त्या पडद्याला बोट लावलं की पंखा सुरू होतो. आमच्या गाडीत पंखा सुरू करायला एक खटका आहे, तो खाली ओढला की पंखा सुरू होतो. या दोन पंख्यांच्या वाऱ्यात नेमका काय फरक आहे हे मला अजून कळलेलं नाही. मेहुणे म्हणतात, "भावोजी, दुरुस्तीवर घालवता तेवढ्यात नवी येईल!"

आता हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हणायला नको होतं. मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात उमेदीची वर्षं गेली, स्वतःचे मोजायला मिळतात ते महिन्यातून एक दिवस. त्यामुळे ते मी फार बारकाईने मोजतो. गाडीच्या कप्प्यात माझी एक वही असते. गेल्या पाच वर्षांत ऑइल, फिल्टर, प्लग, बॅटरी, चार टायर, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, ब्रेकचं काम, विमा, पीयूसी असं सगळं धरून आणि पेट्रोल सोडून वर्षाला सरासरी अठ्ठावीस हजार रुपये लागले. टायर आणि क्लच एकाच वर्षी निघाले तेव्हा एक्केचाळीस हजार झाले. त्या वर्षी दिवाळीला आमच्याकडे चिवडा होता, पण त्यात काजू नव्हते.

आता नवी गाडी. सहा लाखांचं कर्ज, सात वर्षं, नऊ टक्के. हप्ता येतो महिना ९,६५३ रुपये, म्हणजे वर्षाला १,१५,८३६. सात वर्षांत नुसतं व्याज दोन लाख दहा हजारांच्या वर जातं. मेहुण्यांनी मन घट्ट करून ऐकावं: ज्या रकमेला त्यांच्याकडे नुसतं व्याज म्हणतात, त्या रकमेत माझी गाडी साडेसात वर्षं सांभाळली जाते. वर नव्या गाडीचा भारी विमा आणि पहिला ओरखडा पडल्यावर घरात पाळायचं सुतक वेगळंच. हे सगळं मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पण भावोजी, लोक काय म्हणतात तेही बघायला पाहिजे ना!" बघतो ना. लोक काय म्हणतात ते बघायला वर्षाला अठ्ठ्याऐंशी हजार जास्त पडतात. तेवढ्यात वर्षातून एकदा सहकुटुंब केरळ बघून येता येतं, आणि तिथले लोक काही म्हणतही नाहीत.

"पण आता तिची किंमत काय उरली?" हा दुसरा आक्षेप. याचं उत्तर आयकराच्या नियमांत आहे. धंद्याच्या मोटारीवर दर साल पंधरा टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. या हिशेबाने दोन लाखांची गाडी वीस वर्षांनी ७,७५२ रुपयांची राहते. पण यातली गंमत अशी की उरलेल्या किमतीतूनच टक्के काढायचे असल्यामुळे ती कधीच शून्य होत नाही. शंभर वर्षांनीसुद्धा काही पैसे शिल्लक राहतीलच. म्हणजे गीतेने आत्म्याबद्दल जे सांगितलं तेच आयकर खात्याने मोटारीबद्दल सांगितलेलं आहे. फरक एवढाच की खात्याने दर दिलेला आहे.

तिसरा पक्ष जास्त धोकादायक, कारण तो थंडगार काचेच्या खोलीत बसवून आपल्याला कॉफी पाजतो. आमच्या गाडीचा सेल्फ एकदा नुसता कटकट करून गप्प बसायला लागला. म्हणून गेलो अशा एका सर्व्हिस सेंटरमध्ये. गळ्यात टाय बांधलेल्या एका तरुणाने गाडीकडे न बघता संगणकाकडे बघून सांगितलं, "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." आकडा साडेपाच हजारांच्या पुढे. मी विचारलं, आत काय बिघडलंय? तो म्हणाला, "ते आम्ही उघडत नाही, सर."

अहो, १९९४ च्या बोम्मई खटल्यातल्या निकालानंतर या देशात राष्ट्रपती राजवट लावून असेंब्ली बरखास्त करायची म्हटलं तर सरकारला कोर्टात कारण पटवून द्यावं लागतं. इथे मात्र टायवाला मुलगा बसल्या जागी बरखास्त करतो, तेही आत कोणाचं बहुमत आहे हे न बघता! मग गाडी ढकलस्टार्ट करून आमच्या मिस्त्रींकडे नेली. नाना पेठेच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये, एक गाडी आत आणि तीन रस्त्यावर, असं त्यांचं गॅरेज. त्यांनी शेजारच्या इलेक्ट्रिशियनला हाक मारली. त्याने सेल्फ उतरवला, फोडला, आतले झिजलेले कार्बन ब्रश माझ्या तळहातावर ठेवले. नवे ब्रश, एक बुश, मजुरी: चारशे ऐंशी रुपये. कॉफी नाही, पण कटिंग चहा त्यातच.

सगळंच असं दुरुस्त होतं असा माझा दावा नाही. जुन्या पितळी रेडिएटरला डाग देता यायचा. आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला आणि प्लास्टिकच्या टाकीला डाग काय देणार? तो बदलावाच लागतो. पण काय बदलायचं आणि काय दुरुस्त करायचं हे ठरवण्याआधी वस्तू उघडून बघावी, एवढीच माझी माफक अपेक्षा आहे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं संकेतस्थळ सुरू केलं, त्यात मोटारीही धरल्या. म्हणजे दुरुस्ती ही हक्काची गोष्ट आहे असं सरकारलासुद्धा वाटतं. ते टायवाल्या मुलाला कोणीतरी कळवायला हवं.

इथे एक गोष्ट आमच्याच पक्षाच्या लोकांना सुनावली पाहिजे. जुनी गाडी बाळगणाऱ्यांत दोन जाती आहेत, काटकसरी आणि कंजूष, आणि कंजुषांमुळे आम्ही काटकसरी बदनाम होतो. टायर गुळगुळीत झाला तरी "अजून एक पावसाळा काढेल" म्हणणारा माणूस काटकसरी नव्हे, तो वाट बघतोय. आमचे मिस्त्री म्हणतात, "साहेब, गाडी आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग पळाली पाहिजे. दिसायचं सगळ्यात शेवटी." मोटारशास्त्रावरचा इतका आटोपशीर ग्रंथ मी दुसरा वाचलेला नाही.

म्हणून ब्रेकच्या कामात पैसे वाचवायचे नाहीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दोन वर्षांनी बदलायचं. टायमिंग बेल्ट रबरी, तो तुटायच्या आधी बदलायचा. तुटल्यावर बदलण्यात काही शौर्य नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे आणि आमच्या गाडीच्या नळ्या त्याच्या आधीच्या जमान्यातल्या, तेव्हा त्या दर सर्व्हिसिंगला हाताने चाचपून बघायच्या. कूलंटच्या बाटलीत डोकावायला तर पैसेही पडत नाहीत, पण न डोकावणारे खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून वाफ घेत उभे असतात. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचायचा: ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानदार "एकदम फ्रेश माल" म्हणाला तरी वाचायचा. आपण दुधाची पिशवी तारीख बघून घेतो, आणि दूध काही आपल्याला ऐंशीच्या वेगाने कात्रजला नेत नाही.

वाचवायचे ते बंपरवर, सीटकव्हरवर, व्हीलकपवर, रंगावर. आमच्या गाडीचा डावा दरवाजा दुसऱ्या एका गाडीचा आहे. रंग तोच, पण ऊन लागलं की दोघांचं जमत नाही असं दिसतं. आमची ही म्हणते, "अहो, लोकांना वाटतं आपण दोन गाड्या जोडून एक केलीय." मी म्हणतो, आपणही दोन घरं जोडूनच एक केलंय की!

आता शेवटचा आणि सर्वात बलाढ्य प्रतिपक्ष, म्हणजे मायबाप सरकार. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१९ मध्ये त्याची फी भरली ६०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून तीच फी ५,००० झाली, ती २०२४ मध्ये भरली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. म्हणजे २०२९ मध्ये मी आणि गाडी दोघंही चालत असलो तर दहा हजार. सहाशेचे दहा वर्षांत दहा हजार! आमच्या बँकेत अशी ठेव योजना असती तर मी पहाटे पाचला रांगेत उभा राहिलो असतो.

माझं म्हणणं ऐकून घ्यावं. हवा घाण होते हे मला मान्य आहे, मी तीच हवा घेतो. धूर ओकणारी गाडी बंद करा, ती माझी असली तरी बंद करा. ब्रेक लागत नसतील तर जागच्या जागी जप्त करा. तपासणी कडक करा, वर्षाला दोनदा करा. पण सगळ्या तपासण्यांत पास झालेल्या गाडीला केवळ जन्मतारखेबद्दल दंड? वर्षाला तीन हजार किलोमीटर धावणारी जपलेली आठशे आणि कधी ऑइलही न पाहिलेली आठ वर्षांची गाडी यांत धोकादायक कोण, हे जन्मदाखला बघून कळत नाही. त्यासाठी बॉनेट उघडावं लागतं.

दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. कोणी साठीचे, कोणी नव्वदीचे. आम्ही बघतो ते एवढंच की माणूस आहे. "आजोबा, तुम्ही ऐंशी ओलांडली, आता दाखल्याला सोळापट फी" असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर आजोबांनी काउंटरवरून आत येऊन उत्तर दिलं असतं.

आणि या सगळ्यात खरं नुकसान गाडीचं नाहीच. गाडी लोखंडाची आहे, वितळवून तिचे गज होतील. नुकसान आहे ते आमच्या मिस्त्रींच्या कानाचं. "आवाज कधी येतो, साहेब? सरळ जाताना की वळताना? थंड असताना की तापल्यावर?" एवढे चार प्रश्न विचारून ते सांगतात की वळताना टकटक आहे ना, मग एक्सेलचा जॉइंट गेलाय. ही विद्या पंधरा-वीस वर्षांच्या गाड्यांवर जगते. गाड्या आठव्या वर्षी विकल्या, पंधराव्या वर्षी मोडीत घातल्या, तर ऐकायला उरणार काय? मिस्त्रींचा मुलगा एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागला. स्वच्छ गणवेश, वेळेवर पगार, रविवारी सुट्टी. मुलाचं भलं झालं याचा मला आनंदच आहे. मिस्त्रींना विचारलं, तिथे काय करतो? ते हात पुसत म्हणाले, "काही नाही साहेब, काढतो आणि बसवतो."

या काढण्या-बसवण्याची मला काळजी वाटते ती स्वतःसाठी. सासऱ्यांचे गुडघे गेले, आता माझा उजवा गुडघाही जिना चढताना टकटक करतो. तापल्यावर कमी, थंडीत जास्त. उद्या एखादा टायवाला डॉक्टर संगणकाकडे बघून म्हणेल, "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." तेव्हा मी आधी नाना पेठेत जाऊन येणार आहे. कोण जाणे, चारशे ऐंशीत भागेल!